वाचनालयाच्या सर्व्हरसाठी सुरक्षित मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम कोणती निवडावी?

मलप्रभाकाठ | 6 जुलै 2024

सर्वांना नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या गावात लोकवर्गणीतून चालणारे एक वाचनालय आहे. मी निवृत्त शिक्षक असून तेथील संगणकाचे काम गेली दोन वर्षे पाहतो आहे. सुमारे नऊ हजार पुस्तके आहेत. निम्म्याहून अधिक मराठी, बाकीची कन्नड आणि थोडी इंग्रजी. पुस्तकांची सूची आणि सभासदांची देवघेव 2019 पासून एका लहानशा सर्व्हरवर होती. त्यात घुसखोरी झाल्याचे लक्षात आल्यावर गेल्या महिन्यात तो आम्हाला बंद करावा लागला. आता नवा सर्व्हर उभा करायचा आहे आणि त्यावर कोणती मुक्तस्रोत प्रणाली घ्यावी याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

काय घडले ते आधी सविस्तर सांगतो, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. वाचनालय रात्री आठला बंद होते. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या शिपाईकाकांनी सांगितले की, कुलूप लावताना आतल्या खोलीतील संगणकाचा पंखा मोठ्याने घोंगावत असतो आणि सकाळी दार उघडतानाही तो तसाच चालू असतो. मी एके रात्री तेथे बसून पाहिले, तेव्हा प्रोसेसर पूर्ण क्षमतेने राबत होता. यादीत सर्वांत वर असलेल्या प्रक्रियेचे नाव केवर्कर, म्हणजे कर्नेलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) स्वतःच्या कामासारखे होते. परंतु खऱ्या केवर्करच्या नावापुढे मेमरीचा आकडा शून्य असतो आणि हिने तर जवळपास दोन जीबी मेमरी अडवून ठेवली होती. रूट या सर्वाधिकारी खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, आमच्यापैकी कोणीही न लिहिलेली एक ओळ होती, जी दर दहा मिनिटांनी बाहेरच्या पत्त्यावरून एक फाइल उतरवून घेत होती. कोणीतरी आमच्या विजेवर आभासी चलनाची खाण चालवत होते.

त्यानंतर जे दिसले त्याचे मला अधिक वाईट वाटले. ज्या विक्रेत्याने हा संगणक बसवून दिला होता, त्याने सेंटओएस 7 घातले होते. अपडेटचा इतिहास उघडला तर बसवल्याच्या दिवसानंतरची एकही नोंद नव्हती. प्रोग्रामना मर्यादेत ठेवणाऱ्या एसईलिनक्स या सुरक्षा सोयीची फाइल उघडली, तर तेथे ‘डिसेबल्ड’ असे लिहिलेले होते. रूटचा पासवर्ड म्हणजे वाचनालयाचे नाव आणि स्थापनेचे वर्ष, आणि या दोन्ही गोष्टी आमच्या दारावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या आहेत. घुसखोर नेमका कधी शिरला हेही कळले नाही, कारण लॉग फक्त चार आठवड्यांचेच राहत होते.

आता आम्हाला कोहा हे ग्रंथालयाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्यायचे आहे. सभासदांना घरबसल्या सूची पाहता यावी अशी कार्यकारिणीची इच्छा आहे, त्यामुळे सर्व्हर इंटरनेटवर असेल. देखभालीसाठी मी आहे आणि गावातील एक बीसीए करणारी विद्यार्थिनी आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून अनेकदा जाते. डेबियन, उबुंटू, अल्मालिनक्स, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी ही नावे ऐकली आहेत. यांपैकी सर्वांत सुरक्षित कोणती?

हिरण्यकेशी | 6 जुलै 2024

सर, नमस्कार. मी मूळची संकेश्वरची. नोकरीनिमित्त पुण्यात असते आणि गेली अकरा वर्षे सर्व्हर सांभाळते. आपण ‘सर्वांत सुरक्षित’ असे विचारले आहे, म्हणून त्या शब्दाला धरूनच उत्तर देते. माझ्या मते ती ओपनबीएसडी.

थिओ द राट यांनी 1995 मध्ये नेटबीएसडीपासून वेगळे होऊन हा प्रकल्प सुरू केला आणि तेव्हापासून त्याचे पहिले ध्येय सुरक्षा हेच राहिले आहे. आपण सर्व जण ज्या ओपनएसएसएचने दूरच्या संगणकात शिरतो, ते याच मंडळींनी 1999 मध्ये तयार केले. नव्याने बसवलेल्या ओपनबीएसडीमध्ये जवळजवळ काहीच चालू नसते. जे हवे ते आपण स्वतः चालू करायचे. बसवतानाच ती विचारते की, रूटला एसएसएचने आत येऊ द्यायचे का, आणि आपण नुसते एंटर दाबले तर उत्तर ‘नाही’ असे धरले जाते. आपल्या सेंटओएस 7 मध्ये याच प्रश्नाचे उत्तर मुळातच ‘हो’ होते. पाटीवरचा पासवर्ड ओपनबीएसडीवर असता, तर तो बाहेरून रूटसाठी चाललाच नसता.

दुसरी गोष्ट, तेथे प्रोग्रामला आपल्या गरजा आधीच जाहीर करता येतात. प्लेज आणि अनव्हेल अशा दोन सोयी आहेत. पहिलीने प्रोग्राम सांगतो की, मला फक्त अमुक प्रकारची कामे करायची आहेत. दुसरीने सांगतो की, मला फक्त अमुक फोल्डर दिसू द्या. शब्द मोडला की कर्नेल त्या प्रोग्रामला तिथल्या तिथे बंद करतो, आणि जाहीर न केलेले फोल्डर त्याला दिसतच नाही. मूळ प्रणालीतील बहुतेक प्रोग्राम असे बांधलेले आहेत. त्यामुळे एखाद्यात चूक निघाली तरी चोराला एकाच खोलीत अडकून पडावे लागते.

या आठवड्यातीलच उदाहरण देते. 1 जुलैला क्वालिस या संस्थेने ओपनएसएसएचमधील एक गंभीर चूक जाहीर केली. 2006 मध्ये दुरुस्त झालेली चूक 2020 मधील एका बदलात नकळत परत आली होती. ग्लिबसी ही मूलभूत लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर, आणि तेही 32 बिटच्या, त्यांनी सहा ते आठ तास प्रयत्न करून रूटचे अधिकार मिळवून दाखवले. ओपनबीएसडीला याची झळ लागली नाही, कारण त्यांनी 2001 मध्येच त्या जागी सुरक्षित पर्याय लिहून ठेवला होता.

उद्यमबाग | 7 जुलै 2024

मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत संगणक विभाग पाहतो. आमच्याकडे ओतकामाच्या नोंदींचा सर्व्हर अल्मालिनक्स 9 वर आहे. हिरण्यकेशी ताईंनी ओपनबीएसडीबद्दल लिहिलेले सर्व खरे आहे, परंतु मला सरांच्या घटनेकडे पुन्हा पाहावेसे वाटते.

त्या सर्व्हरवरचे सेंटओएस 7 वाईट होते का? माझ्या मते नाही. 2014 ते 30 जून 2024 अशी दहा वर्षे त्याला सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) मिळत होते आणि एसईलिनक्स त्यात पहिल्या दिवसापासून चालू स्थितीत येत होते. ज्या विक्रेत्याने ते बंद केले, त्याने बहुधा एखादे पान उघडेना म्हणून ते बंद केले असावे. हा प्रकार मी आमच्या औद्योगिक वसाहतीत कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. एसईलिनक्सचा खरा उपयोग अशाच प्रसंगी होतो. वेब सर्व्हरमधून कोणी आत शिरले तर त्याला वेब सर्व्हरच्या नेमून दिलेल्या फाइलींपलीकडे हात लावता येत नाही. अर्थात रूटच्या पासवर्डनेच कोणी समोरून आले, तर एसईलिनक्सही त्याला थांबवणार नाही, कारण साचा पक्का असला तरी वरून कोणी काय ओतावे यावर साच्याचा ताबा नसतो.

ताईंनी सांगितलेल्या त्या चुकीबद्दल एक पुरवणी जोडतो. ओपनएसएसएचच्या 8.5 पासून 9.7 पर्यंतच्या आवृत्त्यांवर तिचा परिणाम होता. सेंटओएस 7 मध्ये 7.4 ही जुनी आवृत्ती असल्यामुळे सरांचा सर्व्हर या चुकीपासून वाचलेला होता. यावरून जुने तेच बरे असे कोणी समजू नये म्हणूनच हे मुद्दाम लिहितो. एक नवी चूक त्याला लागू नव्हती, पण पाच वर्षांच्या न भरलेल्या कितीतरी जुन्या चुका लागू होत्या.

माझी शिफारस अल्मालिनक्स 9 किंवा रॉकी लिनक्स 9 ची आहे. दोन्हींना 2032 पर्यंत सुरक्षेचे पॅच मिळणार आहेत. एकदा नीट बसवले की आठ वर्षे मोठे स्थलांतर करावे लागत नाही, आणि लहान संस्थेच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

वेदगंगा | 7 जुलै 2024

मी निपाणीचा. एका सौहार्द सहकारी संस्थेचे आणि दोन महाविद्यालयीन ग्रंथालयांचे सर्व्हर पाहतो. दोन्ही ग्रंथालयांत कोहाच आहे, त्यामुळे अनुभवाने लिहितो.

सर, आपण प्रश्न प्रणालीपासून सुरू केला आहे. मी तो कोहापासून सुरू करण्याची विनंती करतो. कोहा 1999 मध्ये न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी लिहिले गेले. ते पर्लमध्ये आहे आणि त्याला वेब सर्व्हर म्हणून अपाचे, डेटाबेस म्हणून मारियाडीबी, शोधासाठी झेब्रा आणि पर्लची शेकडो लहानमोठी मॉड्यूल्स लागतात. कोहाची मंडळी स्वतः डेबियनसाठी तयार पॅकेज देतात. डेबियनवर एका आज्ञेने सगळे बसते आणि पुढे कोहात सुरक्षेची दुरुस्ती आली की तीही बाकीच्या अपडेटबरोबरच येते. अल्मालिनक्सवर किंवा ओपनबीएसडीवर हेच कोहा चालवायचे म्हटले, तर ती शेकडो मॉड्यूल्स आपल्याला हाताने जुळवावी लागतील, आणि हाताने जुळवलेल्या गोष्टींचे पॅच आपोआप येत नाहीत. तळाची प्रणाली कितीही भक्कम असली तरी तिच्यावर उभी असलेली, इंटरनेटला तोंड देणारी गोष्ट जुनी राहिली, तर चोर तिथूनच येणार. ओपनबीएसडीचे प्लेजसुद्धा कोहासाठी कोणी लिहून ठेवलेले नाही. ते मूळ प्रणालीतील प्रोग्रामसाठी आहे.

म्हणून माझे मत डेबियन 12 ला. जून 2023 मध्ये ती आली. साधारण तीन वर्षे डेबियनची सुरक्षा तुकडी पॅच देते आणि त्यानंतर आणखी दोन वर्षे एलटीएसची (दीर्घकालीन देखभालीची) मंडळी देतात, म्हणजे जून 2028 पर्यंत. उद्यमबाग यांच्या आठ वर्षांपेक्षा हे कमी आहे हे मान्य; पण एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाण्याचा रस्ता डेबियनमध्ये चांगला मळलेला आहे. 1 जुलैला ती चूक जाहीर झाली, त्याच दिवशी डेबियन 12 साठी पॅच निघाला होता. आमच्या तिन्ही सर्व्हरवर तो दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचण्यापूर्वीच बसलेला होता.

लॉगबद्दल: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सेवा पुरवणाऱ्या संस्थांनी 180 दिवसांचे लॉग ठेवावेत आणि घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी, असे आहे. आमच्या संस्थेत आम्ही तसेच करतो. वाचनालयानेही निदान लॉगचे प्रमाण तेवढे ठेवावे. डेबियनवर अपाचेचे लॉग मुळात फक्त 14 दिवसांचे राहतात, ते बदलून घ्यावे.

हिरण्यकेशी | 7 जुलै 2024

वेदगंगा यांचा मुद्दा वजनदार आहे, पण डेबियनबद्दल एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. 2006 मध्ये डेबियनच्या एका देखभालकर्त्याने ओपनएसएसएल या गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील इशारा नाहीसा करण्यासाठी दोन ओळी काढल्या आणि त्यामुळे यादृच्छिक आकडे तयार करण्याचा जवळजवळ सगळा आधारच गेला. उरला तो फक्त प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या जास्तीत जास्त 32,768 किल्ल्या. जगभरातील डेबियन आणि उबुंटू सर्व्हरच्या किल्ल्या दीड-पावणेदोन वर्षे ओळखता येण्याजोग्या होत्या आणि मे 2008 मध्ये ते उघडकीस आले. मूळ लेखकाच्या कोडमध्ये वितरकाने हात घालणे किती महागात पडते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला माहीत नाही.

वेदगंगा | 7 जुलै 2024

ते खरे आहे आणि डेबियनने ते लपवले नाही. त्याच्याच जोडीला यंदाची एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरची घटना ठेवतो. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला एसएसएचने आत शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे आढळले. त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवल्यावर एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत जाणूनबुजून पेरलेले चोरदार सापडले आणि 29 मार्च 2024 रोजी त्यांनी ते जाहीर केले. डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत ते पोहोचले होते. स्थिर आवृत्तीत नव्हते. सर्व्हरवर स्थिर आवृत्तीच का ठेवावी, हे मला त्या दिवशी जितके पटले तितके कधीच पटले नव्हते. नवेपणाच्या मोहाने कोणी टेस्टिंग बसवू नये, ही सरांना कळकळीची विनंती.

शहापूरकर | 8 जुलै 2024

विजेच्या मुद्द्याकडे कोणी लक्ष दिलेले नाही, म्हणून लिहितो. ओपनबीएसडीच्या फाइल प्रणालीत जर्नल, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणारी नोंद, नाही. अचानक वीज गेली की पुढच्या वेळी सुरू होताना ती संपूर्ण डिस्क तपासते, आणि तपासणीत आपोआप न सुटणारी गडबड निघाली तर मदत मागत तिथेच थांबते. तेव्हा कीबोर्डपाशी कोणीतरी माणूस लागतो. खानापूरच्या पावसात असे किती वेळा होईल याचा विचार करा. डेबियनची एक्सटी4 ही फाइल प्रणाली जर्नलमुळे यातून बहुतेक वेळा स्वतः सावरते. फ्रीबीएसडीची झेडएफएस याहून भक्कम आहे, कारण ती जुन्या नोंदीवर लिहीतच नाही, नवीन जागी लिहून मग खूण हलवते. मी घरी फ्रीबीएसडीच वापरतो. पण कोहासाठी वेदगंगा यांचेच म्हणणे तेथेही लागू होते.

प्रणाली कोणतीही घ्या. यूपीएसला यूएसबीची तार जोडून नट हे सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी संपत आली की ते सर्व्हर व्यवस्थित बंद करते. बहुतेक ठिकाणी यूपीएस असतो, तार मात्र खोक्यातच पडून राहते.

मलप्रभाकाठ | 9 जुलै 2024

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. शहापूरकर यांनी म्हटल्याप्रमाणे तार खरोखरच खोक्यात होती; आज शोधून काढली.

आता मनात दोन गोष्टी उरल्या आहेत. ओपनबीएसडीबद्दल हिरण्यकेशी ताईंनी लिहिलेले वाचून ती वापरावी असे फार वाटते. मग असे करता येईल का, की कोहा डेबियनवर ठेवावे आणि तिच्यापुढे एका जुन्या संगणकावर ओपनबीएसडीची फायरवॉल उभी करावी? आणि दुसरे, सभासदांची माहिती. आमच्याकडे नावे, पत्ते आणि फोन तर आहेतच, पण कोणी कोणते पुस्तक नेले याचाही पाच वर्षांचा इतिहास जुन्या सर्व्हरवर होता. आमच्या गावात दोन भाषांची आणि अनेक मतांची माणसे एकाच बाकावर बसून वाचतात. कोण काय वाचतो, हे बाहेर जाणे मला सर्व्हर बंद पडण्याहून वाईट वाटते. यावर प्रणालीकडून काही उपाय होतो का?

हिरण्यकेशी | 9 जुलै 2024

सर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी रात्रभर विचार करून देते आहे. तांत्रिकदृष्ट्या आपण म्हणता ते उत्तम आहे आणि ओपनबीएसडीतल्या पीएफसारखी फायरवॉल मला दुसरीकडे आवडलेली नाही. तरीही आपण ते करू नये असे मी सांगेन.

ओपनबीएसडीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि पॅच फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांनाच मिळतात. म्हणजे वर्षातून निदान एकदा आवृत्ती बदलणे भागच आहे. सिसअपग्रेड या आज्ञेमुळे ते काम तासाभरातही होते, पण ते कोणीतरी करायला हवे आणि बिघडले तर दुरुस्तही करायला हवे. आपण आणि ती विद्यार्थिनी डेबियन शिकत असताना आणखी एक वेगळी प्रणाली शिकणे म्हणजे दोन्ही अर्धवट येणे. मी गावी येते ती गणपतीला आणि दिवाळीला. ज्या यंत्राची माहिती फक्त मला आहे, असे यंत्र आपल्या दाराशी उभे करून मी पुण्यात बसणे बरोबर नाही. दोन वर्षांनी त्याचीही अवस्था त्या सेंटओएससारखीच होईल, फक्त नाव अधिक चांगले असेल.

मात्र ओपनबीएसडीची एक सवय डेबियनवर जरूर आणा. जे लागत नाही ते चालूच ठेवू नका. बसवून झाल्यावर कोणकोणती दारे (पोर्ट) उघडी आहेत याची यादी एसएस या आज्ञेने काढा आणि प्रत्येक ओळीपुढे ती का उघडी आहे हे लिहा. कारण लिहिता आले नाही, तर ते दार बंद करा. एसएसएचमध्ये पासवर्डने प्रवेश पूर्ण बंद करून फक्त किल्लीने ठेवा.

वेदगंगा | 10 जुलै 2024

ताईंच्या मोठेपणाला नमस्कार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण ते कोहातच आहे.

कोहाची दोन तोंडे असतात: सभासदांची सूची आणि कर्मचाऱ्यांचे दालन. दोघांचे पत्ते वेगळे ठेवता येतात. इंटरनेटवर फक्त सूची ठेवावी. कर्मचाऱ्यांचे दालन वाचनालयातील अंतर्गत नेटवर्कवरच उघडेल असे करावे आणि आपल्याला घरून काम करायचे असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यातून यावे. वायरगार्ड 2020 पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे, मांडायला फार वेळ लागत नाही. कोणाकडे किल्ली नसेल त्याला तो काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला तेथे दार आहे हेही कळत नाही.

वाचनाच्या इतिहासाबद्दल: पुस्तक परत आल्यावर त्या नोंदीतून सभासदाचे नाव काढून टाकण्याची सोय कोहात आहे. त्यासाठी ‘अनामिक’ असा एक सभासद तयार करायचा आणि जुन्या नोंदी त्याच्या नावावर वळवायच्या. कोणते पुस्तक किती वेळा गेले हे कळते, कोणी नेले हे उरत नाही. जी माहिती आपल्याजवळ नाही, ती कोणी चोरू शकत नाही. कोणतीही प्रणाली घेतली असती तरी हे काम आपल्यालाच करावे लागले असते.

डेबियनवर पुढील गोष्टी विसरू नका. अपडेट आपोआप बसवणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स बसवून चालू करा आणि त्यात कोहाच्या भांडाराचे नावही घाला, कारण मुळात ते फक्त डेबियनच्या स्वतःच्या भांडारांकडेच पाहते. एसईलिनक्ससारखेच काम करणारे ॲपआर्मर 2019 पासून डेबियनमध्ये आपोआप चालू असते, पण त्यावर विसंबून राहू नका. अपाचे त्यात मुळात बांधलेले नसते. एनएफटेबल्स ही फायरवॉल असते, पण त्यात नियम आपल्याला लिहावे लागतात. वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्यांना अडवणारे फेल2बॅन बसवलेत तर डेबियन 12 वर ते सुरूच होत नाही असे दिसेल, कारण एसएसएचचे लॉग आता जर्नल नावाच्या प्रणालीच्या एकत्रित नोंदवहीत (फाइल प्रणालीचे जर्नल वेगळे) जातात आणि ते जुन्या फाइलीत शोधत बसते. त्याला जर्नलकडे पाहायला सांगा.

बॅकअपसाठी कोहा-डंप ही आज्ञा आहे. दोन बाहेरच्या डिस्क ठेवा, आलटून पालटून जोडा, आणि जी जोडलेली नाही ती वाचनालयात ठेवू नका. घुसखोराला जोडलेली डिस्कही पुसता येते.

उद्यमबाग | 10 जुलै 2024

अल्मालिनक्सची शिफारस मी या कामापुरती मागे घेतो. कोहाच्या पॅकेजचा मुद्दा मला माहीत नव्हता. फक्त एक विनंती: बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, तो दुसऱ्या संगणकावर परत उभा करून पाहा. आमच्याकडे एकदा तीन महिने रिकाम्या फाइलींचा बॅकअप होत होता आणि डिस्कवरचा हिरवा दिवा रोज लागत होता.

मलप्रभाकाठ | 22 सप्टेंबर 2024

उशिरा लिहितो आहे, पण काम पूर्ण करूनच लिहावे असे ठरवले होते.

डेबियन 12 वर कोहा उभे राहिले. एसएसने काढलेली दारांची यादी पहिल्या दिवशी नऊ ओळींची होती. एक ओळ छपाईच्या सेवेची होती आणि सर्व्हरला प्रिंटर जोडलेलाच नाही. एक शेजारचे संगणक शोधणाऱ्या सेवेची होती. बसवताना डेस्कटॉपची खूण तशीच राहिल्यामुळे दोन्ही आल्या होत्या. कारणे लिहीत गेलो आणि शेवटी बाहेरच्यांसाठी तीनच उरल्या: सूचीसाठी दोन आणि वायरगार्डची एक. एसएसएच आता फक्त वाचनालयातून आणि बोगद्यातून उघडते. मारियाडीबी बाहेर ऐकत असेल अशी मला भीती होती, पण ती मुळातच स्वतःच्या यंत्रापुरती मर्यादित होती.

ऑगस्टमध्ये एका आठवड्यात वीज सोळा वेळा गेली. त्यातल्या दोन वेळा ती यूपीएसच्या क्षमतेपलीकडे लांबली आणि दोन्ही वेळा नटने सर्व्हर शांतपणे बंद केला. वीज परत आल्यावर तो स्वतः सुरू व्हावा यासाठी बायॉसमध्ये एक पर्याय बदलावा लागला. हे येथे कोणी लिहिले नव्हते, म्हणून पुढे येणाऱ्यांसाठी नोंदवून ठेवतो.

उद्यमबाग यांच्या सांगण्याप्रमाणे एका रविवारी शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर नवे डेबियन घालून कोहा-रिस्टोअरने बॅकअप परत उभा केला. पहिल्या प्रयत्नात तो उभा राहिला नाही, कारण लॅपटॉपवरची कोहाची आवृत्ती वेगळी होती. दुसऱ्या प्रयत्नात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूची उघडली. मी मराठीत ‘शेती’ शोधले, आमच्या विद्यार्थिनीने कन्नडमध्ये तोच शब्द शोधला आणि दोन्ही याद्या बरोबर आल्या. आता डिस्कवर कोहाच्या आवृत्तीचा क्रमांक कागदावर लिहून चिकटवतो. दुसरी डिस्क खजिनदारांच्या घरी, लोखंडी कपाटात असते.

एक प्रश्न राहिला आहे. कर्नेलचा पॅच बसला तरी यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय तो लागू होत नाही. हे आपोआप रात्री करावे की आपण समोर असताना?

वेदगंगा | 22 सप्टेंबर 2024

सर, आपण समोर असताना करावे, आणि तेही आठवड्यातील ठरावीक वारी. आपोआप करायची सोय आहे, पण रात्री दोन वाजता यंत्र परत उठले नाही तर सकाळी दारात सभासद उभे असतील. फार गंभीर चूक असेल, तर वाराची वाट पाहू नये.

मलप्रभाकाठ | 6 ऑक्टोबर 2024

सोमवार ठरवला, त्या दिवशी वाचनालय सभासदांसाठी बंद असते. सर्व्हरच्या शेजारी खिळ्याला एक वही टांगली आहे. तारीख, काय अपडेट झाले, यंत्र पुन्हा सुरू केले की नाही, कोणी केले, असे चार रकाने आहेत. मागच्या सोमवारी मी बेळगावला दवाखान्यात होतो, म्हणून आमच्या विद्यार्थिनीने एकटीने ते काम केले. तिचे शिक्षण कन्नड माध्यमातून झाले आहे, त्यामुळे तिची नोंद कन्नडमध्ये आहे. खाली माझी मराठीत सही घेऊन तिने पुढचे पान आखून ठेवले आहे.